काजव्याचे पाच तास

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला नमस्कार आणि भावोजींनाही. त्यांना म्हणावं, आशीर्वाद पलंगावरूनच द्या, त्यासाठी उठून बसायची गरज नाही. तुझं पत्र परवा मिळालं. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच रडतेस, मी गप्प बसते आणि दोघींचंही बोलायचं राहून जातं. कागदावर निदान वाक्य तरी पूर्ण होतं.

माझं बरं चाललंय. खोलीच्या खिडकीचं दार वाऱ्यानं आपटायचं ते एकदाचं बसवून घेतलं. घरमालकीणबाईंनी मांजर पाळलंय, पण त्याला त्यांचा गालिचा चालत नाही, माझंच पायपुसणं लागतं. कारखान्यात नेहमीचंच. नव्या टॉर्चची खोकी आता दुकानांतून दिसायला लागलीत आणि मालक खुशीत आहेत. माझी तपासणीची खोली आहे तशीच आहे, भिंती काळ्या, छत काळं आणि मधे स्टुलावर मी. आमच्या मेव्हणीबाई उजेड मोजायला अंधारात बसतात, असं भावोजी सगळ्यांना सांगायचे ना, तेच चालू आहे.

गुडघ्याचं वाचून जीव खालीवर झाला. दोन महिने पाय टेकायचा नाही म्हणजे त्यांना जन्मठेपच की. मी इथं सगळ्यांना ऐटीत सांगत असते, की माझे भावोजी वर्षातून एकदा अख्ख्या शहराचं पाणी बंद करायला लावतात आणि ज्या बोगद्यातून ते पाणी येतं त्यातून हातोडी घेऊन चालत जातात. भिंत ठोकतात, कुठं पोकळ वाजतंय ते ऐकतात. एका टोकानं ते शिरतात, दुसऱ्या टोकानं त्यांचा जोडीदार, चार तासांनी दोघं मधे भेटतात आणि मग एकमेकांचा डबा खातात. बावीस वर्षं हे असं, आणि या वर्षी तिसऱ्याच तासाला अंधार.

चौकशी २७ तारखेला लागली हेही कळलं. टॉर्च चार्ज न करता आत गेले हा एक ठपका, नियमाचा दुसरा दिवा सोबत नेला नाही हा दुसरा, आणि भावोजींनी दोन्हीला 'विसरलो' एवढंच लिहून दिलं. तसंच ठरलं तर पुन्हा बोगद्यात पाऊल टाकू देणार नाहीत, भांडारात खिळे मोजत बसवतील, असं तू लिहितेस. त्या माणसाला भांडारात बसवायचं म्हणजे माशाला कपाटात ठेवण्यातलाच प्रकार.

पण ताई, विसरतो माणूस. परवा मी चहात मीठ टाकलं आणि अर्धा पिऊन झाल्यावर मला कळलं. दुसऱ्या दिव्याचं म्हणशील तर तो जुना दिवा तीन किलोचा, त्यांचा खांदा आधीच धरलेला. असो.

एक काम कर. ती टॉर्च टाकून देऊ नकोस. हॉस्पिटलातून आल्या आल्या त्यांनी ती कचऱ्यात टाक म्हणून तुझ्यावर आवाज चढवला, हे वाचून मला आश्चर्य वाटलं. दूध उतू गेलं तरी 'जाऊ दे, ओटा पांढरा झाला' म्हणणारा माणूस तो. त्यांना न सांगता ती मला पाठव. काय बिघडलंय ते बघते.

मी हॉस्पिटलात भेटायला आले नाही याचा तुला राग आलाय. तू तसं लिहिलं नाहीस, पण तीन पानांत एकदाही 'कधी येतेस' असं विचारलं नाहीस. कामाची घाई होती गं. येते.

तुझी,
बारकी


२३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पार्सल मिळालं. जुना टॉवेल आणि वर सुतळीच्या सात गाठी. लहानपणी माझ्या वेण्याही तू अशाच घालायचीस, संध्याकाळी सोडताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी सुरी घेतली.

आता नीट बसून वाच. गॅसवर काही असेल तर बंद कर.

टॉर्चच्या दांड्यावर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तारखा आहेत. तू ती पाहिलीही असशील, काहीतरी खूण असेल म्हणून सोडून दिली असशील. मी माझ्या भिंगाखाली धरून वाचली. टॉर्च ज्या ज्या दिवशी चार्ज केली त्याची ती नोंद आहे. बोगद्यात चालणारी जुनी माणसं असं करतात म्हणे. डोक्यावर विसंबायचं नाही, पट्टीवर विसंबायचं. अशा सात नोंदी आहेत आणि शेवटची आहे, '२८ जाने., स. ५, पूर्ण'.

अठ्ठावीस जानेवारी, ताई. ज्या दिवशी पडले त्याच दिवसाची पहाट. त्यांनी टॉर्च पूर्ण चार्ज केली होती आणि तशी नोंदही केली होती. तुझा नवरा काही विसरलेला नाही. तुझा नवरा खोटं बोलतोय आणि ती पट्टी कुणाच्या हाती लागू नये म्हणून टॉर्च कचऱ्यात टाकायला निघाला होता.

का, ते सांगते. त्याआधी माझं काम काय असतं ते तुला नीट सांगायला हवं, कारण नऊ वर्षांत मी तुला ते कधी धड सांगितलं नाही.

टॉर्चच्या खोक्यावर दोन आकडे असतात, उजेड किती आणि तो किती वेळ. आमच्या या टॉर्चवर छापलंय, उजेड हजार, वेळ आठ तास. उजेडाच्या मापाला ल्यूमेन म्हणतात, ते तू सोडून दे. वाचणाऱ्याला काय कळतं? हजाराचा उजेड आठ तास मिळणार. तुलाही तेच कळलं असतं, मलाही.

त्यातला हजार आहे तो बटण दाबल्या क्षणाचा. चार मिनिटांत टॉर्च तापते आणि जळू नये म्हणून आतलं सर्किटच उजेड निम्म्यावर आणतं. तो निम्मा उजेड चांगला आहे, काम होतं त्यात. तो टिकतो दोन तास पन्नास मिनिटं. मग सेल दमतो आणि उजेड एकदम खाली बसतो. काचेमागं नुसता पेटलेला ठिपका राहतो. आम्ही त्याला काजवा म्हणतो. हा काजवा पुढं पाच तास जगतो आणि तो पुरता विझला की मी घड्याळ थांबवते. आठ तास दहा मिनिटं. खोक्यावर आठ.

माझ्या वहीत दोन्ही आकडे आहेत, दोन रकान्यांत. 'कामाचा उजेड, दोन तास पन्नास' आणि 'शेवटचा उजेड, आठ तास दहा'. दोन्ही मी मोजलेले, माझ्या अक्षरात. खोक्याच्या नमुन्यावर मात्र जागा एकाच आकड्याची होती. नमुना छापून माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात आठ आधीच बसलेला होता. मी फक्त खाली 'तपासले' असं लिहून सही करायची होती. मी वाचलं. बाजारातले बाकीचे कारखानेही असंच लिहितात, त्यात काय, असं मनाशी म्हटलं. कुणी माझा हात धरला नव्हता. जेवायची सुट्टी झाली होती आणि मला भूक लागली होती, म्हणून पटकन सही केली.

आणि त्यातलीच एक टॉर्च भावोजींच्या वाढदिवसाला पाठवली. 'माझ्या हातून तपासून गेलेली' अशी चिठ्ठी घालून.

काल रविवार होता, कारखाना बंद. पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली. भावोजींची टॉर्च शनिवारी चार्ज करून ठेवली होती, कारण आधी मला वाटलं, हिच्यातच काही दोष निघाला तर बरं. सकाळी नऊला काळ्या खोलीत ती सुरू केली. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी ती बसली. मिनिटाचा फरक नाही. टॉर्च अगदी धडधाकट आहे, ताई. जशी बनवली तशीच वागली.

आता आमची एक पद्धत ऐक. काजवा लागला की आम्ही खोलीतले दिवे लावतो. पुढचं यंत्र मोजतं, तिथं माणसाचं काही काम नसतं. आम्ही डबा उघडतो, गप्पा मारतो, कुणी स्वेटर विणतं. नऊ वर्षांत शेकडो टॉर्च मी अशा मोजल्या, आणि काजव्याच्या उजेडात एकदाही बसले नाही. मी नाही आणि दुसरंही कुणी नाही. आठातले पाच तास कसे असतात ते आमच्यापैकी कुणी बघितलेलंच नव्हतं.

काल मी दिवे लावले नाहीत.

आधी वाटलं, सवय होईल डोळ्यांना. मग उठून टॉर्च समोर धरली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला निघाले. आठ पावलांची खोली, रोजची. तिसऱ्या पावलाला नडगी स्टुलावर आपटली, जे स्टूल मीच तिथं ठेवलं होतं. मग त्यांची पट्टी वाचायचा प्रयत्न केला. टॉर्च अगदी नाकाशी आणली. पट्टी पांढरट दिसत होती, तिच्यावर काही लिहिलंय हेसुद्धा कळत नव्हतं. टॉर्चवर जे लिहिलंय ते वाचण्याइतकाही उजेड ती टॉर्च देत नव्हती.

तशी मी पाच तास बसले. मी कोरड्या फरशीवर होते आणि दार कुठं आहे ते मला ठाऊक होतं. ते गाळात पडले होते, गुडघा मोडलेला. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस ते आठवलं, जोडीदाराला ऐकू जावं म्हणून त्यांनी दोन तास हातोडीनं भिंत ठोकली. पोकळ कुठं आहे ते ऐकायला जी हातोडी नेली होती, त्याच हातोडीनं. मी खूप रडले. मग तोंड धुतलं आणि पाच वाजून सहा मिनिटांनी काजवा विझला तशी वेळ वहीत लिहिली.

आज सकाळी मालकांकडे गेले. तू त्यांना वाईट समजू नकोस. तारा जोडताना डाग द्यायची तापलेली सळई कशी धरायची ते मला त्यांनीच शिकवलं, त्यांच्या जुन्या टेबलावर, आम्ही चारच माणसं होतो तेव्हा. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, पुढच्या खोक्यांवर दोन तास पन्नास छापू या. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, फळीवर शेजारी आठवाली, दहावाली टॉर्च असताना आपली पावणेतीनवाली कोण उचलेल, आणि कुणी उचलली नाही तर खाली बसलेली ही साठ माणसं काय करतील. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण नवीन खोक्यांच्या नमुन्यावर मी सही करणार नाही आणि २७ तारखेला वही घेऊन चौकशीला जाणार आहे.

तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "जरा विचार कर. सही तुझी आहे. माझी कुठंच नाही."

मी म्हटलं, "म्हणून तर मीच जायला हवं."

मी निघताना ते एवढंच म्हणाले, की नमुन्यावर दुसरं कुणीही सही करेल. करेलही. परत आल्यावर माझं स्टूल जागेवर असेल की नाही ते मला सांगता येत नाही. पण वही माझ्या अक्षरात आहे, आणि ती मी कपाटात ठेवलेली नाही, पिशवीत ठेवलीय.

तर मी २६ला दुपारच्या गाडीनं येतेय. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस, बाहेरच्या खोलीतली सतरंजी पुरे. टॉर्च, तिची पट्टी, दोन्ही रकाने आणि कालची नोंद, हे सगळं मी चौकशीच्या टेबलावर ठेवणार. पहिला ठपका त्यानं पुसला जाईल, याची मला खात्री आहे.

दुसरा दिवा का नेला नाही, हे मात्र वहीत नाही. त्याचं मी वेगळं लिहिलंय, सोबतच्या पाकिटात. पाकीट भावोजींचं आहे, ते आधी त्यांच्या हातात दे. मग त्यांनी तुला द्यायचं, आणि नाही दिलं तर तू हिसकावून घे.

मी दोन आठवड्यांपूर्वी तुला लिहिलं, विसरतो माणूस. ते वाक्य परत घेतेय.

तुझी,
बारकी


२३ फेब्रुवारी, सोबतचं पाकीट

भावोजींना नमस्कार,

तुम्ही रागावला असाल. टॉर्च ताईनं तुम्हाला चोरून मला पाठवली, पण तिनं ती मी सांगितलं म्हणून पाठवली, तेव्हा तिला बोलू नका.

तुम्ही दोन गोष्टी विसरलात असं लिहून दिलंय. पहिली तुम्ही विसरला नव्हता, ते पट्टीवर आहे. दुसरीही विसरला नव्हता, आणि ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे. आजवर तुम्ही ते कुणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. मीही सांगितलं नाही. तुम्ही मला सांभाळत होता म्हणून गप्प होता. मी स्वतःलाच सांभाळत होते.

२७ जानेवारीला संध्याकाळी सहाच्या सुमारास तुम्ही फोन केलात. मी तपासणीच्या खोलीतच होते, आवराआवर चालली होती. तुम्ही नेहमीसारखे म्हणालात, "मेव्हणीबाई, खोक्यावर आठ तास लिहिलंय. हे आठ म्हणजे आठच ना? माझा खांदा धरलाय, तो जुना दिवा घरी ठेवावा म्हणतो."

माझी वही समोर उघडी होती. कुठलं पान होतं ते विचारू नका, तेच होतं. दोन तास पन्नास. बोट ठेवावं इतकं जवळ. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मालक नव्हते, घाई नव्हती, भूकही नव्हती. 'तीनच तास धरा', एवढं म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग खोक्यावर आठ कसे, आणि मला सांगावं लागलं असतं की खाली सही माझी आहे. वाढदिवसाला भेट दिलेल्या टॉर्चबद्दल, जिच्याबद्दल तुम्ही तुमच्या सगळ्या ऑफिसला सांगितलं होतं. मला लाज वाटली. त्या एका लाजेपोटी मी म्हटलं, "ठेवा की बिनधास्त. आमचा माल आहे."

तुम्ही हसलात आणि म्हणालात, "घरचीच ग्वाही मिळाली, मग काय." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही एकच दिवा घेऊन आत गेलात.

हॉस्पिटलात आले नाही ते कामामुळं नाही. तुम्ही माझ्याकडे बघाल आणि काही बोलणार नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही बोलला असता तर मी आले असते.

भावोजी, तुम्ही हे का केलंत ते मला कळतं. माझी नोकरी, ताईचा आणि माझा एकमेकींवरचा जीव, सगळ्याचा विचार केला असाल त्या गाळात पडल्या पडल्या. पण हे मी घेणार नाही. तुमचा बोगदा देऊन वाचवलेली नोकरी मला नको. ताई माझ्याशी बोलायची बंद झाली तर होऊ दे, ते माझं मी बघेन. मी तिची धाकटी बहीण आहे, तिच्या गाठी सोडवायची मला सवय आहे.

२७ला तुम्हाला चाकांच्या खुर्चीतून नेतील आणि चौकशीवाले विचारतील, दुसरा दिवा का नेला नाही. तुम्ही 'विसरलो' म्हणू नका, एवढंच मागणं आहे. म्हणा, विचारून घरी ठेवला. ते म्हणतील, कुणाला विचारलंत? तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळू नका. मी मागच्या बाकावर असेन आणि उभी राहीन. तुम्ही तरीही 'विसरलो' म्हणालात तर मी तुमचं बोलणं तोडून उभी राहीन, मग वडीलधाऱ्यांचा मान वगैरे नंतर बघू.

टॉर्च मी परत आणतेय. चौकशीतून सुटली की ती तुमचीच. काल ती पुन्हा चार्ज केली आणि तुमच्या पट्टीवर, तुमच्या शेवटच्या नोंदीखाली, पेन्सिलीनं माझी एक नोंद केलीय. '२२ फेब्रु., पूर्ण. कामाचा उजेड २ तास ५०.' त्यापुढे सही केलीय. ही मात्र वाचून केली.

ज्या बोगद्यात परत जायचंय त्यातून पुढच्या वर्षी चालाल तेव्हा जुना दिवाही न्या. खांदा दुखला तरी न्या.

तुम्ही फोन करून जिला विचारलं होतं ती,
तुमची मेव्हणी